नुसत्या बोलण्याने मेंदूत काय फरक पडणार?

प्रश्न :

स. न. वि. वि. उद्यमनगरात माझे लेथचे छोटे वर्कशॉप आहे. मुलगा दहावीत आहे, वय सोळा. नववीपर्यंत वर्गात पहिल्या पाचात असायचा. दहावीचे वर्ष म्हणून जूनपासून मी त्याचे फुटबॉल बंद केले आणि पहाटेचा क्लास लावला. गणेशोत्सवानंतर तो रोज सकाळी पोटात दुखते म्हणू लागला. सोनोग्राफी, रक्त, सगळे नॉर्मल आले. आता आठवड्यातून दोन-तीन दिवस शाळा बुडते. सहामाहीला गणितात काठावर पास झाला. गणिताचे सर त्याचे सर्वांत आवडते होते, त्यांच्यासारखे अक्षर काढायचा. आता त्यांचे नाव काढले तरी ताटावरून उठतो. सर माझ्या ओळखीचे आहेत, दर आठवड्याला मी त्यांना फोन करून चौकशी करतो. त्यांनीही त्याला वर्गात समजावले की, तुझे वडील रात्रंदिवस राबतात, त्याची तरी जाण ठेव. माझ्याशी बोलणे बंद आहे. दिवसा दार लावून बसतो आणि रात्री एवढा घोडा झालेला मुलगा आजीच्या मांडीवर डोके ठेवून पडतो. एकदा आईला म्हणाला, माझ्यामुळे तुम्हा सगळ्यांना त्रास आहे. मानसोपचारतज्ज्ञांनी तपासले, सध्या गोळी नको, आठवड्यातून एकदा सायकोथेरपी घ्या, सहा-सात महिने तरी लागतील, असे सांगितले. मला मनापासून विचारायचे आहे की, नुसते बोलून मेंदूत काय फरक पडणार? त्यापेक्षा बोर्डिंगात ठेवले तर वळण लागेल का? की हे सगळे अभ्यास टाळण्याचे नाटक आहे?

– एक वडील, कोल्हापूर

उत्तर :

सप्रेम नमस्कार. आपण विचारलेल्या प्रश्नांकडे वळण्याआधी आपल्या पत्रातल्या एका वाक्यापाशी थांबणे भाग आहे, कारण ते आपण ओघात लिहून पुढे गेला आहात. ‘माझ्यामुळे तुम्हा सगळ्यांना त्रास आहे’ असे सोळा वर्षांचा मुलगा आईला म्हणतो, तेव्हा ते गणिताच्या गुणांपेक्षा कितीतरी गंभीरपणे घ्यायचे असते. हे वाक्य डॉक्टरांच्या कानावर घातले नसेल, तर आजच फोन करून सांगा. आणि घरात, शक्यतो त्याच्या आईने, त्याला जवळ बसवून थेट विचारावे की जगणे नकोसे वाटते का, स्वतःला काही करून घ्यावे असे मनात येते का. असे विचारल्याने नसलेला विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, ही समजूत खरी नाही. विचारल्यावर पुष्कळ मुलांना उलट हलके वाटते. उत्तर ‘हो’ आले, किंवा ‘नाही’ आले पण आईला ते पटले नाही, तर त्याला एकटे ठेवू नका, घरातली औषधे व वर्कशॉपमधली रसायने त्याच्या हाती लागणार नाहीत असे पाहा आणि पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांकडे किंवा कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात घेऊन जा. ‘टेली-मानस’ ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध असते आणि तिथे मराठीत बोलता येते. रात्री-अपरात्री आपल्यालाच धीर सुटल्यासारखे वाटले, तरी तिथे फोन करायला काहीच हरकत नाही.

आता नाटकाविषयी. आपल्या मुलाचे पोट खरोखर दुखते. सोनोग्राफीत काही निघाले नाही याचा अर्थ पोटात खडा, गाठ किंवा सूज नाही एवढाच. दुखत नाही असा त्याचा अर्थ होत नाही. मेंदू आणि आतडी यांच्यात मज्जातंतूंमार्फत दोन्ही बाजूंनी सतत संदेश जात-येत असतात. मनावर ताण असला की आतड्यांची हालचाल बदलते आणि एरवी जाणवली नसती अशी हालचालही वेदना म्हणून जाणवते. सुट्टीच्या दिवशी दुखत नसेल, तर तो खोटेपणाचा पुरावा मानू नका. ज्या गोष्टीचा ताण आहे ती त्या दिवशी समोर नाही, इतकेच त्यावरून कळते.

मग शाळेत असे काय आहे? मनोविश्लेषणाची दृष्टी मला इथे फार मोलाची वाटते, कारण मूल शाळेत किती वेळ बसते आणि किती गुण मिळवते यापेक्षा ते शाळेत कोणाला भेटते आणि कोणाला टाळते, याकडे ती पाहते. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड व्हिएन्नातल्या ज्या शाळेत शिकले, तिला पन्नास वर्षे पूर्ण झाली तेव्हा, म्हणजे १९१४ साली, त्यांनी एक छोटा लेख लिहिला. त्यांचे म्हणणे असे की, आपल्यावर अधिक परिणाम शिकवलेल्या विषयांचा झाला की शिकवणाऱ्या माणसांचा, हे सांगणे कठीण आहे. आपण शिक्षकांवर जीव टाकला, त्यांच्या चुका शोधल्या, त्यांच्याविरुद्ध बंड केले. आणि यांतले पुष्कळसे मुळात त्या शिक्षकांसाठी नव्हतेच. ते वडिलांविषयीचे प्रेम, आदर, धाक आणि राग होते, जे मुलगा घराबाहेर पडताना सोबत घेऊन गेला आणि पहिल्यांदा शिक्षकांवर ठेवले. वडील सर्वांत थोर नाहीत, हे मुलाला ज्या वयात कळू लागते, त्याच वयात तो शिक्षकांच्या हाती येतो. जुन्या नात्यातल्या भावना अशा नव्या माणसाकडे वळण्याला मनोविश्लेषणात ‘ट्रान्सफरन्स’ म्हणतात आणि सायकोथेरपीचे बरेचसे काम त्याच्याच आधाराने चालते.

हे ध्यानात ठेवून आपलेच पत्र पुन्हा वाचून पाहा. आपल्या मुलाने सरांसारखे अक्षर काढायला सुरुवात केली होती. ते केवळ वळणदार अक्षराचे वेड नसावे. घराबाहेरचा एक मोठा माणूस त्याने स्वतः निवडला होता आणि आपल्यापासून थोडे दूर होण्यासाठी त्याला त्या माणसाचा आधार होता. ही निवड आपला अपमान नव्हती. या वयात ती व्हायलाच हवी. पुढे आपण सरांना दर आठवड्याला फोन करू लागलात आणि एके दिवशी सरांनी भर वर्गात आपल्या कष्टांची आठवण काढली. दोघांचाही हेतू चांगला होता, याविषयी मला शंका नाही. परंतु मुलाच्या बाजूने पाहिले तर त्या दिवसापासून घरातही वडील आणि वर्गातही वडीलच, अशी त्याची अवस्था झाली असावी. ज्या एका माणसासमोर तो ‘राबणाऱ्या बापाचा मुलगा’ सोडून आणखी कोणीतरी होता, तो माणूसही त्याच नजरेने पाहू लागला. त्यातून राग येणारच, आणि रात्रंदिवस आपल्यासाठी राबणाऱ्या माणसावर तो काढायचा तरी कसा? अशा रागाबरोबर लगेच अपराधीपण येते. आईपाशी बोललेले ते वाक्य मला याच अपराधीपणातून आलेले वाटते.

हा माझा अंदाज आहे आणि तो एका पत्रावरून बांधलेला आहे. तो मुलाला वाचून दाखवू नका, ‘तुझ्या मनात असे असे चालले आहे’ म्हणून समजावूही नका. बरोबर असला तरी तो बाहेरून कोणी ऐकवला की मुलाला आपल्या मनातही वडील शिरले असे वाटेल. जे त्याला सापडायचे आहे ते त्याच्याच तोंडून, त्याच्या वेळेला सापडू द्यावे. थेरपीला महिने लागतात त्याचे एक कारण हेच आहे.

आपल्याला एक गोष्ट मात्र या आठवड्यातच करता येईल. सरांना भेटा, त्यांचे मनापासून आभार माना आणि सांगा की यापुढे मी स्वतःहून फोन करणार नाही, काही अडचण आली तर तुम्ही कळवा. आणि वर्गात त्याच्याशी बोलताना घरचा विषय काढू नका, गणितापुरतेच बोला. शाळा बुडण्यामागे पोटदुखी असल्याचे डॉक्टरांचे पत्र मुख्याध्यापकांकडे द्या, म्हणजे गैरहजेरीवरून वर्गात उभे करण्याचा प्रसंग येणार नाही. व्हिएन्नातल्या मनोविश्लेषकांनी १९१० साली विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांवर चर्चा केली होती. शाळेने मुलांना केवळ आत्महत्येकडे न ढकलणे पुरेसे नाही, त्यांना जगण्याची ओढ लावली पाहिजे आणि घराशी असलेले बंध सैल होण्याच्या या वयात आधार दिला पाहिजे, असे फ्रॉइड यांनी त्या वेळी सांगितले. आयुष्य कठोर असते म्हणून शाळेनेही तितकेच कठोर असावे, हे त्यांना मान्य नव्हते. अपुऱ्या वयाच्या मुलांना विकासाच्या एखाद्या टप्प्यावर, तो टप्पा इतरांना नकोसा वाटला तरी, रेंगाळण्याचा हक्क आहे असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शाळा, महाविद्यालये आणि कोचिंग क्लास यांना विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी जे निर्देश दिले, त्यांत शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमावा आणि गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत, असे सांगितले आहे. शाळेत समुपदेशक असेल तर त्यांना भेटा. नसेल तर विचारणा करण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

दार लावून बसणारा मुलगा रात्री आजीच्या मांडीवर डोके ठेवतो, याचे आपल्याला कोडे पडले आहे. मला तर पत्रातली सर्वांत आश्वासक गोष्ट तीच वाटली. पीटर ब्लॉस या मनोविश्लेषकांनी १९६७ मध्ये मांडले की, तान्हे मूल जसे आईपासून हळूहळू स्वतंत्र होते, तशीच स्वतंत्र होण्याची दुसरी फेरी किशोरवयात होते आणि या फेरीत मूल अधूनमधून लहानपणाकडे परत जाते. हे मागे जाणे पुढे जाण्याचाच भाग असतो. फ्रॉइड यांच्या कन्या आणि मनोविश्लेषक अ‍ॅना फ्रॉइड स्वतः काही वर्षे शाळेत शिक्षिका होत्या. किशोरवयातले मूल एकाच वेळी आईवडिलांवर चिडते आणि त्यांच्यावर विसंबूनही राहते, हे त्यांनी त्या वयाचे नेहमीचेच लक्षण मानले. काहीच खळबळ न दिसणाऱ्या अतिशय शहाण्या मुलांची त्यांना उलट काळजी वाटे. तेव्हा आजींना सांगा की त्यांनी हे चालू ठेवावे. त्यावर घरात कोणी हसू नये, आणि आजींनी त्याच वेळी अभ्यासाचा विषयही काढू नये.

अर्थात हे वयाचेच आहे म्हणून सोडून द्या, असे मी म्हणत नाही. शाळा बुडते आहे, झोप आणि जेवण बिघडले आहे, बोलणे थांबले आहे. इतके झाल्यावर मदत घेणे योग्यच आहे आणि आपल्या डॉक्टरांनी दिलेला सल्ला मला रास्त वाटतो.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येतो. बोलणे हे हवेत विरून जाते आणि गोळी रक्तात जाऊन मेंदूपर्यंत पोहोचते, म्हणून गोळीच खरा उपचार, असे आपल्याप्रमाणे पुष्कळांना वाटते. पण ऐकलेला प्रत्येक शब्दही मेंदूपर्यंत पोहोचतोच. एरिक कँडेल हे व्हिएन्नात जन्मलेले अमेरिकी शास्त्रज्ञ. तरुणपणी त्यांना मनोविश्लेषक व्हायचे होते. पुढे त्यांनी अ‍ॅप्लीसिया नावाच्या समुद्री गोगलगाईवर प्रयोग करून दाखवले की, शिकण्याने चेतापेशींमधल्या जोडण्यांचे बळ बदलते आणि शिकलेले दीर्घकाळ टिकायचे तर पेशीत नवी प्रथिने बनून नव्या जोडण्याही तयार होतात. या कामासाठी त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यांनी १९७९ मध्येच लिहिले होते की, थेरपिस्ट बोलतो आणि रुग्ण ऐकतो तेव्हा एकाच्या मेंदूचा परिणाम दुसऱ्याच्या मेंदूवर होत असतो, आणि हा परिणाम टिकाऊ ठरला तर मेंदूतला बदलही टिकाऊ असला पाहिजे. फ्रॉइड यांनीही १८९५ मध्ये मनाचे व्यवहार चेतापेशींच्या भाषेत मांडण्याचा प्रयत्न केला होता, पण त्या काळी साधनेच नव्हती. तो मसुदा अपुराच राहिला आणि त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला.

साधने आली ती पुढे, मेंदूचा कोणता भाग किती काम करतो हे दाखवणाऱ्या पेट स्कॅनच्या रूपाने. अमेरिकेत लॉस एंजेलिसला लुई बॅक्स्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मंत्रचळाच्या, म्हणजे ओसीडीच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना फ्लुओक्झेटीन ही गोळी दिली, काहींना गोळीशिवाय वर्तनोपचार दिले. सुमारे दहा आठवड्यांनी, ज्यांना गुण आला त्यांच्या मेंदूतल्या उजव्या कॉडेट न्यूक्लिअस या भागाची वाढलेली क्रिया उतरली होती, आणि हे दोन्ही गटांत घडले होते. स्वीडनमधल्या एका अभ्यासात, जो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, लोकांसमोर बोलण्याची पराकोटीची भीती असलेल्या रुग्णांना स्कॅनच्या वेळी प्रत्यक्ष भाषण करायला लावले. नऊ आठवड्यांच्या गोळीने किंवा गटातल्या बोलण्याच्या उपचाराने ज्यांना बरे वाटले, त्यांच्यात भीतीशी संबंधित अमिग्डाला आणि त्याच्या शेजारचा हिपोकॅम्पस यांची खळबळ कमी झालेली दिसली.

आपल्या मुलाला सुचवलेला उपचार मनोविश्लेषणाच्या अंगाने जाणारा असेल, तर जर्मनीतला एक अभ्यास अधिक जवळचा आहे. आना बुखहाइम आणि सहकाऱ्यांनी तो २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. पुन्हा पुन्हा नैराश्य येणारे, गोळी न घेणारे सोळा रुग्ण त्यात होते. आधी त्यांची जवळच्या नात्यांविषयी मुलाखत घेतली आणि त्या मुलाखतीतली त्यांचीच, वर्मावर बोट ठेवणारी वाक्ये निवडली. मग स्कॅनरमध्ये पडल्या पडल्या त्यांना ती वाक्ये चित्रांसोबत दाखवली. सुरुवातीला ही स्वतःची वाक्ये समोर येताच अमिग्डाला-हिपोकॅम्पसचा पुढचा भाग आणि कपाळामागचा काही भाग निरोगी माणसांपेक्षा अधिक चेतत असे. पंधरा महिन्यांच्या थेरपीनंतर तीच वाक्ये दाखवली तेव्हा ही वाढ उतरली होती, आणि ज्यांची लक्षणे अधिक कमी झाली त्यांच्यात ती अधिक उतरली होती. वाक्य तेच, आयुष्यात घडलेले दुःखही तेच. फरक पडला तो ते वाक्य समोर आल्यावर मेंदू काय करतो यात. नुसत्या बोलण्याने काय होते, या आपल्या प्रश्नाचे मला ठाऊक असलेले सर्वांत नेमके उत्तर हे आहे.

तरीही या अभ्यासांचा भार किती घ्यायचा, हेही सांगितले पाहिजे. यांतले गट लहान होते आणि माणसे प्रौढ होती. दिसलेला बदल गटाच्या सरासरीतला आहे, तो एकेका माणसाविषयी फारसे सांगत नाही. वर्कशॉपच्या मीटरवरून कोणत्या वेळी किती वीज ओढली गेली ते कळते, पण जॉब मापात उतरला की नाही ते कळत नाही; मेंदूच्या स्कॅनचेही तसेच आहे. म्हणून थेरपीच्या आधी व नंतर मुलाच्या मेंदूचा स्कॅन काढावा असा विचार मनात आला असेल, तर तो पैसा वाचवा. तसा स्कॅन कोणी सुचवलाच, तर त्यातून आपल्या मुलाविषयी नेमके काय ठरणार आहे ते आधी विचारा.

किशोरवयीन मुलांसाठीचा भक्कम पुरावा स्कॅनमधून येत नाही, मुलांच्या प्रत्यक्ष लक्षणांवरून येतो. इंग्लंडमध्ये नैराश्य असलेल्या ११ ते १७ वयाच्या ४६५ मुलामुलींवर एक मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. मुलांना तीनपैकी एक उपचार मिळाला : विचार व वर्तन यांवर काम करणारी थेरपी, ठरावीक मुदतीची मनोविश्लेषणात्मक थेरपी, किंवा आधार आणि माहिती देणारे छोटे उपचार. काहींना जोडीला गोळ्याही होत्या. तिन्ही गटांतल्या मुलांची लक्षणे चांगलीच कमी झाली, आणि उपचार संपल्यावर वर्षभरानेही ती सुधारणा टिकून होती. मनोविश्लेषणात्मक थेरपी इतर दोन्हींपेक्षा सरस ठरली नाही, तशी कमीही पडली नाही. म्हणजे ‘हीच पद्धत हवी’ असा आग्रह मला धरता येणार नाही. पद्धतीपेक्षा, ज्या माणसापाशी आपल्या मुलाला बसावेसे वाटते आणि ज्याला किशोरवयीन मुलांबरोबर काम करण्याचे प्रशिक्षण आहे, असा माणूस शोधणे महत्त्वाचे. त्या चाचणीतल्या मनोविश्लेषणात्मक थेरपीची आखणी साधारण सात महिन्यांत २८ बैठकी अशी होती, त्यामुळे डॉक्टरांनी सांगितलेली मुदत अवाच्या सवा नाही. शिवाय तिथे आईवडिलांनाही वेगळ्या व्यक्तीकडे काही बैठकी दिल्या जात. आपणही थेरपिस्टना तसे विचारा. आपल्याला या मुलाबरोबर राहायचे आहे आणि आपल्याही मनात पुष्कळ काही साचलेले पत्रात दिसते.

थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वसन परिषदेकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी आहे का, हे विचारायला संकोचू नका. आपल्या डॉक्टरांनी नाव सुचवले असेल तर उत्तमच. मुलगा बाहेर आल्यावर ‘आज काय बोललास?’ हा प्रश्न मात्र कधीही विचारू नका, थेरपिस्टनाही नाही. जिवाला धोका असेल तर ते आपल्याला नक्की कळवतील. बाकीचे त्या दोघांत राहू द्या. सरांच्या बाबतीत जे घडले ते थेरपिस्टच्या बाबतीत घडले, तर मुलगा त्या खोलीतही गप्प बसेल. पहिले काही आठवडे तो ‘तिथे काही होत नाही’ म्हणेल, कदाचित घरात जास्त चिडेल. पैसे वाया चालले असे तेव्हा वाटेल, पण अध्येमध्ये बंद करू नका. दोन-अडीच महिन्यांनी डॉक्टर, थेरपिस्ट आणि मुलगा यांच्यासह बसून काय सुधारले, काय नाही, याचा आढावा घ्या. झोप, जेवण, मित्र, सकाळचे पोट यांत फरक पडतो का ते पाहा. गुण सर्वांत शेवटी हलतात. तोवर उदासी वाढलीच, तर गोळीचा विचार डॉक्टर करतील आणि तसे झाले तर त्यात हरल्यासारखे काही नाही, दोन्ही उपचार एकत्र चालतात.

घरी करायच्या गोष्टींत मी पहाटेच्या क्लासला हात घालीन. किशोरवयात झोपेची वेळ शरीरातच पुढे सरकते, झोपेची वेळ झाल्याचे शरीराला कळवणारे मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा वाढते, त्यामुळे हे मूल दहाला झोपत नाही आणि पाचला उठताना अर्धमेले असते. याच वर्षांत मेंदूतल्या नको असलेल्या जोडण्यांची छाटणी चालू असते आणि कपाळामागचा, आवेग आवरणारा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. अशा मेंदूला अपुरी झोप देऊन जास्तीचा अभ्यास मिळत नाही. क्लास संध्याकाळचा घ्या किंवा बंद करा. फुटबॉल परत द्या, अगदी दहावीच्या वर्षातही. आपल्या पेठेतल्या तालमीच्या पोरांबरोबर तो मैदानात उतरतो, तेव्हा तो कोणाचा मुलगा आहे की वर्गात कितवा आहे, याला महत्त्व नसते. किशोरांच्या ओळखीच्या प्रश्नाचा आयुष्यभर अभ्यास करणारे एरिक एरिक्सन शाळा संपल्यावर काही वर्षे चित्रे काढत युरोपभर भटकले होते; स्वतःला शोधायला समाजाने तरुणांना थोडी मोकळीक द्यावी, हा विचार त्यांनी पुढे मांडला. आपल्या मुलासाठी ती मोकळीक सध्या आठवड्यातल्या तीन-चार संध्याकाळी मैदानावर मिळेल, तेवढी पुरे.

मोकळीक म्हणजे वडिलांनी बाजूला होणे नव्हे. इंग्लंडचे बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट म्हणत की, किशोरवयाला काळ हाच उपाय आहे. पण त्या काळात मोठ्यांनी ठाम उभे राहावे, सूड न उगवता समोर असावे, असेही ते सांगत. रात्री अमुक वेळेनंतर मोबाइल बाहेरच्या खोलीत, जेवण सगळ्यांबरोबर, शिवीगाळ नाही. असे दोन-तीन नियम आपण ठेवू शकता. ते मोडले तर नाराजी सांगा, पण ‘तुझ्यासाठी मी किती केले’ हे वाक्य काही महिने तोंडातून निघू देऊ नका. आपल्या कष्टांची जाण त्याला आहे, आणि गरजेपेक्षा जास्तच आहे.

बोर्डिंगविषयी थोडक्यात सांगतो, कारण माझे मत पक्के आहे : यंदा नको. कोल्हापूर हे वसतिगृहांचे गाव आहे, याचा मलाही अभिमान आहे. परंतु राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून इथे बोर्डिंगे उभी करायला मदत केली, ती ज्यांना शहरात शिकायला थारा नव्हता त्यांना आत घेण्यासाठी. ‘माझ्यामुळे त्रास आहे’ असे वाटणाऱ्या मुलाला नेमके याच वेळी घराबाहेर ठेवले, तर त्याच्या त्या समजुतीवर आपणच शिक्का मारल्यासारखे होईल. पुढे अकरावीला त्याने स्वतःहून बाहेर राहायचे म्हटले, तर तो विचार वेगळा.

राहिली बोर्डाची परीक्षा. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याला सगळे पेपर झेपले नाहीत, तर राज्य मंडळाची पुरवणी परीक्षा असते आणि राहिलेले विषय तिथे देता येतात. ही गोष्ट आपण त्याला आताच, साध्या आवाजात, एकदाच सांगावी आणि मग परीक्षेचा विषय त्याने काढेपर्यंत काढू नये. गणितासाठी दुसरे कोणी, सरांच्या आणि आपल्या ओळखीबाहेरचे, आठवड्यातून दोन दिवस तासभर शिकवायला मिळाले तर पाहा. मात्र शिकवणी ठेवायची की नाही आणि कोणाची, हे त्याला ठरवू द्या. त्याने नको म्हटले, तर सध्या तेही मान्य करा.